कुमुदताईंची हनुवटी

चेहऱ्यावरचे केस कायमचे काढणं हे माझं काम. केसाच्या मुळापाशी एक बारीक सुई सरकवायची, क्षणभर करंट द्यायचा, मूळ मेलं की चिमट्याने केस अलगद उचलायचा. मग पुढचा. अर्ध्या तासात चाळीस-पन्नास होतात, आणि तेवढा वेळ माझं तोंड समोरच्या बाईच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. ती भिंगाच्या दिव्याखाली डोळे मिटून पडलेली. इतक्या जवळून माणूस फार वेळ गप्प राहू शकत नाही. वरच्या ओठाचं काम चालू असेल तर बोलता येत नाही, तेव्हा बायका सगळं साठवून ठेवतात आणि उठता उठता एका दमात सांगून टाकतात. केस कचऱ्यात जातात, गोष्टी माझ्याकडे राहतात. एकोणीस वर्षांत चिक्कार साठल्या. घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "नाव सांगू नकोस गं, मग रस्त्यात भेटली की मी आधी हनुवटीच बघतो." म्हणून इथेही नावं बदलली आहेत.

*

आमचा दवाखाना दादरला, रानडे रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. एका खोलीत मी, दुसऱ्या खोलीत दातांचे डॉक्टर. बाहेरचं बाकडं दोघांत एक. याचा फायदा असा की माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई बाहेरच्या जगासाठी दाताला आलेली असते.

एकदा बाकड्यावर दोन सख्ख्या जावा समोरासमोर आल्या. दोघी माझ्याच, पण एकमेकींना पत्ता नाही. वेळा लागोपाठ दिल्या, ती चूक माझी. धाकटी गालाला हात लावून म्हणाली, "दाढ." थोरली म्हणाली, "माझीही."

तेवढ्यात डॉक्टरांनी दार उघडून विचारलं, "कोण आहे पुढे?" धाकटीने थोरलीकडे पाहिलं, मग माझ्या दाराकडे पाहिलं, आणि उठून सरळ डॉक्टरांकडे आत गेली! वीस मिनिटांनी बाहेर आली ती एका दाढेत चांदी भरून. तेव्हा थोरली माझ्या टेबलावर आडवी होती. दारातून तिने जावेचा सुजलेला गाल पाहिला आणि हळहळून म्हणाली, "मी उगाच संशय घेतला हो तिच्यावर. खरंच दाढ होती."

*

कुमुदताई फणसवाडीच्या. वय बहात्तर, विमा कंपनीतून रिटायर झालेल्या, कडक इस्त्रीची कॉटनची साडी. गिरगावात चार पावलांवर पार्लरं असताना त्या बसने दादरला यायच्या, कारण गिरगावात ओळखीचं माणूस भेटल्याशिवाय वळणसुद्धा वळता येत नाही. आधी लेझरवाल्याकडे जाऊन आल्या होत्या. लेझर केसाचा काळा रंग बघून चालतो, पांढरा केस त्याला दिसतच नाही. त्याने यांना माझा पत्ता दिला.

मी दिवा पेटवला, भिंग खाली ओढलं आणि बघतच राहिले. हनुवटी स्वच्छ.

"ताई, केस कुठे आहेत?"

"म्हणजे काय? अशीच येऊ होय तुझ्याकडे?"

हे सगळ्याच करतात. कामाला बाई लावायची आणि ती यायच्या आधी स्वतः घर झाडून घ्यायचं, तसं. मी समजावलं, केस दिसला तर सुई आत जाणार. उपटायचा नाही, थ्रेडिंग नाही, फार वाटलं तर कात्रीने वरवर कापा. त्यांनी वहीत लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी आल्या. हनुवटी पुन्हा स्वच्छ, शिवाय दोन ठिकाणी ओरखडे.

"ताई!"

"मी हात नाही लावला," त्या म्हणाल्या. आणि खरं सांगते, मला पटलं. पण मग कोणी लावला, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

*

मधेच वरळी कोळीवाड्याच्या मावशींचं सांगते, कारण बाकड्यावर बसून "मी दाताला नाही, दाढीला आले" असं सांगणारी ही एकच बाई. बाजारात शेजारणीला पाटी सोपवतानाही म्हणायच्या, "जरा पापलेटवर नजर ठेव, मी दाढीला करंट मारून येते."

पहिला केस निघाला तेव्हा म्हणाल्या, "दाखव." हातावर ठेवून उजेडात धरला, मुळाशी चिकटलेला पांढरा ठिपका नीट पाहिला. मग दुसरा, तिसरा. दहाव्यापर्यंत पाहून त्यांची खात्री पटली. "साफ काढतेस," म्हणाल्या. "कोलंबीचा धागा असाच यायला पाहिजे. बाजारात ये, दोन तासांत टोपली संपवशील."

माझ्या कामाचं इतकं नेमकं कौतुक परत कोणी केलेलं नाही.

*

परळची एक मुलगी यायची. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं होतं, चोविसाव्या वर्षी तिने सगळ्यांना सांगून टाकलं की मी मुलगी आहे. दाट काळी दाढी. पूर्ण जायला दोन वर्षं लागली. तिचे वडील तिच्याशी बोलत नव्हते. तिच्याबरोबर यायची तिची आत्या, मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर बसणारी, बोलायला फटकळ. मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं की आत्या तिचा तळपाय दाबून धरायची.

एकदा आत्याने माझ्या ट्रेमधले केस निरखून पाहिले. मग म्हणाली, "मॅडम, हे फेकू नका. माझा भाऊ पार टकला झालाय. त्याच्या डोक्यावर लावता येतील का बघा. पोरीचं काहीतरी डोक्यावर घेऊ दे त्याला."

मुलगी इतकी हसली की मला सुई बाजूला ठेवावी लागली.

*

कुमुदताईंचं कोडं पाचव्या सोमवारी सुटलं. ओरखडा या वेळी खोल होता, रक्त वाळलेलं. मी सुई हातातही घेतली नाही. म्हटलं, "कोण करतं हे?"

"अप्पा," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "आमचे हे."

अप्पा जन्मभर ड्राफ्ट्समन. नकाशे काढायचे, हात असा की रेष हलायची नाही. कुमुदताईंना साठीत हनुवटीवर केस यायला लागले, आणि चष्मा लावूनही आरशात त्यांना स्वतःला दिसेनात, तेव्हा अप्पांनी चिमटा हातात घेतला. दर रविवारी, चहा झाला की गॅलरीत, उजेडाकडे तोंड करून. बारा वर्षं.

"आता त्यांच्या डोळ्यांचं मधलंच दिसेनासं झालंय. पेपर गेला, कॅरम गेला, एकट्याने खाली उतरणं गेलं. एवढं एकच काम उरलंय त्यांचं. पण चिमटा हल्ली केसावर कमी आणि कातडीवर जास्त."

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? तुम्हाला दिसत नाही, हे मी सांगू?"

मग आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. सोमवार रद्द, शनिवार पक्का. रविवारच्या आत मी येतील तेवढे केस मारायचे, आणि तीन ठेवायचे. अप्पांचा कोटा. घरी सांगायचं की दाताला चालले.

*

दीड वर्ष हे चाललं. काम करताना माझं मन खातही होतं, कारण एकेक शनिवारी मी एका माणसाचा रविवार थोडा थोडा कमी करत होते. शेवटी अप्पांच्या कोट्यातलेच तेवढे तीन केस उरले. त्याच सुमारास कुमुदताई हनुवटीला पट्टी लावून आल्या. चिमट्याने चांगलंच सोललं होतं. बँकेतल्या बाईने अप्पांच्या देखत विचारलं, हे काय झालं, आणि अप्पा दोन दिवस जेवले नव्हते.

"आता तेही काढ," कुमुदताई म्हणाल्या.

"आणि रविवार?"

"रविवारचं मी बघते."

जखम भरल्यावर मी ते तिन्ही काढले. परत फुटले, परत काढले. मग फुटायचे थांबले.

*

दोन महिन्यांनी मी त्यांना एकदा शेवटचं बघायला बोलावलं. या वेळी अप्पा बरोबर आले. उंच, पाठ ताठ, शर्टाच्या खिशात अजून दोन पेन्सिली. मी कुमुदताईंना आत घेतलं, भिंगाखाली हनुवटी इंच इंच पाहिली. एक केस नाही, साधी लवसुद्धा नाही. ओरखडाही नाही. मी तसं त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला आणि उठल्या.

बाहेर अप्पा बाकड्यावर बसले होते. माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवून म्हणाले, "काय, किती दात राहिले आमच्या बायकोचे?"

"सगळे ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

"तुम्ही दात बघा. बाकी तिचं सगळं मी बघतो." मग जरा पुढे झुकून, हळूच म्हणाले, "परवा रविवारी तीन काढले. हल्ली हात चांगला बसलाय, एक ओरखडा नाही. पण तिसरा असला चिवट होता, काय सांगू तुम्हाला."

मी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या हनुवटी चोळत होत्या.

"अजून हुळहुळतंय," त्या म्हणाल्या. "जरा हळू काढत जा हो."