दुसरं बटण

माईचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत, कार्यालयाच्या जिन्यात होतो. "बाळू, आबा उठून न्हाई राहिले रे…" एवढंच ती म्हणाली. गावी, जवळा बाजारला पोहोचलो आणि पहिलं काम करावं लागलं ते भलतंच. आबांच्या, माझ्या वडिलांच्या, छातीत कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र होतं. चितेच्या आगीत ते फुटतं, म्हणून डॉक्टरांकडून आधी काढून घ्यावं लागलं. त्यांनी ते स्वच्छ पुसून, डबीत घालून माझ्या हातात दिलं.

आबांचं शिलाईचं दुकान होतं, आणि दर पौर्णिमेला बुद्धविहारात वंदना सांगायचा मान त्यांचा. ते एक ओळ म्हणत, मागून सगळा विहार म्हणे. पार्किन्सनने आधी त्यांचा हात धरला. सुईत दोरा जाईना, चहा बशीत येण्याआधीच धोतरावर सांडे, पाय उंबऱ्याशी खिळून राहत. गोळ्यांचा असर लवकर उतरू लागला तेव्हा डॉक्टरांनी मेंदूत बारीक तारा बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली. छातीतलं यंत्र त्या तारांना वीज पुरवणार होतं. सत्तरी उलटलेले आबा कचरत होते, मीच मागे लागलो. तारा बसवताना त्यांना जागं ठेवलं होतं. "काहीतरी बोलत राहा," असं डॉक्टर म्हणाल्यावर आबांनी त्रिशरण सुरू केलं. पुढे कितीतरी दिवस हसून सांगायचे, "डॉक्टरबी दोन ओळी माझ्यामागून म्हणला!"

हाताची थरथर खरंच थांबली. मला इतका आनंद झाला की घरी कुणीही आलं की मी त्यांच्यापुढे सुईदोरा ठेवायचो. आबा पहिल्याच झटक्यात दोरा ओवून दाखवत. एकदा पाहुणे गेल्यावर म्हणाले, "काहून रे, मला सर्कशीतला वाघ करून राहिलास?" मी हसलो. त्यांचा आवाज मात्र त्या विजेने खोल गेला होता, शब्द एकमेकांत मिसळत होते. डॉक्टरांनी यंत्राच्या रिमोटवर दोन बटणं ठरवून दिली. पहिल्यावर हात स्थिर. दुसऱ्यावर हात थोडा थरथरायचा, पण आवाज मोकळा व्हायचा. "दोन्ही चालतील, त्यांना हवं ते लावा," असं ते म्हणाले होते. बारीक अक्षरं आबांना दिसत नसत, म्हणून रिमोट मी चालवायचो.

त्यांच्या शेवटच्या पौर्णिमेला पांढरा सदरा घालून ते माझ्यासमोर बसले.

"बाळू, आज दुसरं दाब."

"आबा, हात हलेल. सगळे बघतील."

"बघू दे की. वंदना का हातानं म्हणतेत?"

मी रिमोट खिशात घातला. वंदना दुसऱ्याच कुणीतरी सांगितली. आबा मागच्या ओळीत भिंतीला टेकून बसले होते. जोडलेले हात दगडासारखे स्थिर, ओठ तेवढे हलत होते. एकाने मला हळूच म्हटलं, "हात लई बराबर झाला आबांचा." आणि मला अभिमान वाटला… तो अभिमान आता झोपू देत नाही.

परवा पुन्हा पौर्णिमा होती. माईने शिलाई मशीनचा खण उघडून दिला. बॉबिन, खडू, रिमोट, आणि ती डबी. मी यंत्र हातात घेऊन रिमोट त्यावर धरला. पडदा उजळला. चार्ज अजून शिल्लक होता, आणि सुरू होतं ते पहिलंच बटण. मी दुसरं दाबलं. यंत्र माझ्या अंगातल्या, आबांनी शिवलेल्या सदऱ्याच्या छातीवरच्या खिशात ठेवलं आणि विहारात जाऊन पहिल्या ओळीत बसलो.