मायच्या डोळ्याची गवाही

या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला येत होते, आणि खरं सांगायचं तर हसायला. पिंपळाखालची बाई, घाटात हात दाखवणारा म्हातारा… वाचायचं, चहा संपवायचा, कामाला लागायचं. मी बावीस प्रतिज्ञा म्हणत मोठी झालेली मुलगी, आणि पोट भरतं पॅथॉलॉजीवर. मायक्रोस्कोपखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही – एवढा सरळ मामला. तो ज्या स्लाइडनं बिघडवला तिच्याबद्दल लिहितेय. शिव्या घालायच्या तर खुशाल घाला.

हिंगोलीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी लॅब आहे. खाली मेडिकल, वर आम्ही दोघं – मी आणि टेक्निशियन शकीलभाई. रक्त-लघवी तर चालूच असते, पण माझं खरं काम गाठींचं. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवून बघायचे.

आता जरा एक टेस्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डोळ्यात किडा शिरला – डास चावून, घाणेरड्या पाण्यातून, कसाही – की त्याच्याशी लढायला शरीर खास पेशी पाठवतं, अँटिबॉडी तयार करतं. पुष्कळदा तुकड्यात किडा सापडतच नाही, तो पुढं सरकलेला असतो. पण लढाईच्या खुणा मागं राहतात. त्या खुणांनाच चिकटणारं रसायन घातलं की तेवढी जागा तपकिरी होते. तपकिरी म्हणजे किडा. कोरं म्हणजे किडा नाही, दुसरं काही शोधा.

आणि टेस्ट खरी की खोटी हे कळायला पेशंटच्या काचेशेजारी आणखी दोन काचा लावतात. एकीत किडा होता हे पक्कं माहीत असतं, ती तपकिरी व्हायलाच पाहिजे. दुसरीत नव्हता हेही पक्कं माहीत असतं, ती कोरीच राहायला पाहिजे. पुस्तकात यांना कंट्रोल म्हणतात. शकीलभाई म्हणतात गवाह. "मॅडम, गवाह लगाऊँ?" असं विचारूनच त्यांचा हात चालतो.

डोळ्याच्या केसला कोरा गवाह म्हणून मी माझ्या मायचा डोळा लावायचे.

दचकू नका. डोंगरकडा गावाच्या पुढं आमचं गाव. माय तिथं दत्तरावाच्या हळदीवर मजुरीला जायची. वाळलेली हळद पॉलिश करायला लोखंडी ड्रम फिरवतात, त्यातून हळकुंडाची कपची उडाली आणि मायच्या डोळ्यात घुसली. माय ओरडत होती, दत्तरावानं ड्रम थांबवला नाही. "फुंकर मारा गं तिच्या डोळ्यात, कचरा गेला आसंल," म्हणाला. दारात जीप उभी होती, ती दिली नाही. नांदेडला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. डोळा काढावा लागला. पोलिसात गेलो तर यानं सांगितलं, "गयाच्या डोळ्यात आधीपासूनच फूल होतं." बुबुळावर पांढरा डाग पडतो ना, त्याला आमच्याकडे फूल म्हणतात. ड्रमवरच्या सगळ्या बायकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच हळदीवर जायचं होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. केस बसली.

पुढे मी त्याच हॉस्पिटलात शिकायला गेले आणि जुन्या सामानात मायच्या डोळ्याचा मेणातला ठोकळा सापडला. सरांनी तो मला दिला. पहिला काप काढून बघितला – ताजी जखम. जुन्या फुलाचा मागमूस नाही. त्या दिवशी मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन दत्तरावाला आईवरून शिव्या घातल्या, मोठ्यानं. मग ठोकळा घेऊन हिंगोलीला आले. किडा नसलेली डोळ्याची ऊती काही रोज मिळत नाही. कामाला आला.

मागच्या वर्षी एका दुपारी काउंटरवर एक माणूस बाटली घेऊन उभा. सर्जन लोक तुकडा बाटलीत घालून पेशंटच्याच हातात देतात, हे तुम्हाला माहीतच असेल. उजवा डोळा सुजून बाहेर आलेला. नाव सांगितलं. मी मान वर केली. दत्तराव.

त्यानंही मला ओळखलं. "तुमी… गयाबाईच्या लेक न?"

जन्मभर 'ए गये' म्हणणाऱ्या तोंडातून 'गयाबाई' बाहेर पडलं! मी म्हटलं, "व्हय. बसा."

"मॅडम, जुनं काही मनात ठेवू नका… लई तकलीफ होऊन राहिली. डॉक्टर म्हणे किडा आसंल तर गोळ्यांनी जाईल, नसंल तर कॅन्सर धरून डोळा काढावा लागंल. आता सगळं तुमच्या रिपोर्टवर हाय."

सगळं माझ्या रिपोर्टवर आहे! खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. इतकं गोड की मी त्याला पाणीसुद्धा विचारलं.

साध्या रंगात तुकडा पाहिला तेव्हाच अंदाज आला होता. किड्याला बघून धावतात त्या पेशी खच्चून भरलेल्या. किडा दिसत नव्हता, पण त्याच्याशिवाय दुसरं काही असणं अवघड होतं. मग खुणांची टेस्ट लावली. किड्याचा गवाह तपकिरी, बरोबर. मायचा गवाह कोरा, बरोबर. आणि दत्तरावाची काच… कोरी. स्वच्छ. एक ठिपका नाही.

शकीलभाई बुचकळ्यात पडले. "ऐसा कैसा, मॅडम? फिरसे करता."

पुन्हा कोरी.

तिसऱ्या वेळी मायचे तयार काप संपलेले होते, म्हणून त्यांनी कोरा गवाह म्हणून कुणाच्या तरी टॉन्सिलचा काप लावला. दत्तरावाची काच गच्च तपकिरी झाली. मला वाटलं, आधी रसायन बिघडलं असेल. ठोकळ्यातून मायचे नवे काप काढले, त्याच बाटलीतलं रसायन, तीच वेळ. कोरी! माय बाजूला काढली, तपकिरी. माय लावली, कोरी. काचा वेगळ्या, थेंब वेगळे, एकमेकींना स्पर्शही नाही. फक्त एका ट्रेमध्ये शेजारी. मी शकीलभाईंना न सांगता चिठ्ठ्या झाकून काचा दिल्या, त्यांनाच लावायला लावल्या. तेच. पुण्याच्या मैत्रिणीकडे दत्तरावाचे काप पाठवले, तिनं तिच्याकडचे गवाह लावले. "अगं, इतकं पॉझिटिव्ह आहे, तू विचारतेस काय?" असा तिचा फोन.

शकीलभाई एवढंच म्हणाले, "मॅडम, ये गवाह इसके खिलाफ है." आणि नमाजला निघून गेले.

आता माझ्यापुढं दोन निकाल होते. कोऱ्या निकालात काही खोट नव्हती. दोन्ही गवाह जागच्या जागी, सगळं नियमाप्रमाणं. तो लिहिला असता तर कुणाच्या बापाला मला नाव ठेवता आलं नसतं आणि दत्तरावाचा डोळा गेला असता. ज्या बाईच्या गवाहीला कुणी उभं राहिलं नाही, तिच्याच डोळ्यानं त्याची सुटका अडवली होती. मी कोण मध्ये येणारी? रिपोर्ट टाइप करायला बसले… आणि बोटं चालेनात. भीतीनं नाही. हा निर्णय मायचा आहे असं वाटलं.

पेशंटचं घरी सांगायचं नसतं. मी सांगितलं. माय मेथी निवडत होती. तिचा काळा चष्मा बाजूला ठेवलेला.

"त्याचा डोळा जाईल?" तिनं विचारलं.

"मी म्हटलं तर जाईल."

तिनं मेथीच्या काड्या बाजूला केल्या. मग म्हणाली, "काहून काढते? राहू दे."

माझं डोकंच फिरलं. "माय, त्यानं तुझी माफी तरी मागितली का गं?"

"माफ कोन करून राहिलं त्याला?" माय म्हणाली. "आंधळा झाला तर सुटला का न्हाई तो? लोक हात धरून नेतील, बिचारा म्हनतील. दोन्ही डोळे शाबूत ठेव त्याचे. मी समोर उभी राह्यले तर मी त्याला बराबर दिसले पायजे."

रिपोर्टमध्ये मी किडा लिहिला, जो खरा होता. गोळ्या झाल्या, छोटं ऑपरेशन झालं, गाठीतून पांढरा दोऱ्यासारखा किडा निघाला. डोळा वाचला. सर्जननं नजर तपासली, उत्तम.

मग माय एकदा गावी गेली. दत्तराव ओसरीवर बसला होता, चार माणसं सोबत. माय समोर उभी राहिली, चष्मा काढला, रिकामी खाच त्याच्या तोंडासमोर धरली आणि विचारलं, "दत्तराव, दिसते का बराबर?" तो उठून आत गेला. माय एसटीनं परत आली आणि दोन घास जास्त जेवली.

टेस्टचं म्हणाल तर अजून उलगडा नाही. मोठ्या मोठ्या लोकांना विचारलं. कुणी रसायनावर ढकललं, कुणी शकीलभाईंच्या हातावर. मी स्वतः शंभर शंका काढल्या, एकही टिकली नाही. दुसऱ्या कुठल्याही पेशंटशेजारी मायचा काप लावला की सगळं सुरळीत येतं. ज्याला उत्तर सापडेल त्यानं जरूर लिहावं.

परवा दत्तरावाचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"मॅडम, डोळा बराबर हाय… पन तुमच्या मायला सांगा न, इकडं येऊ नका म्हनावं. रोज सकाळी ओसरीसमोर येऊन उभ्या राह्यतात. बोलत न्हाईत, काही न्हाई. नुस्त्या पाहतात."

"मग डोळे मिटून घ्या," मी म्हटलं.

"मिटून पाह्यले, मॅडम."

मी फोन ठेवला. आतल्या खोलीत माय पलंगावर पडून टीव्ही बघत होती, पाय प्लास्टरमध्ये. दिवाळीत मोरीत घसरली तेव्हापासून ती या घराचा उंबरा ओलांडून गेलेली नाही. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगणारही नाही.