विकलेल्या बोटीचा बाप

खरं तर आम्हाला बोट विकून होतूशेठ मोकळे झाले होते. पण पुढच्याच रविवारी सकाळी सकाळी आमच्या सोनिवलीच्या घरासमोर एक स्कूटर थांबली आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. चिडून बाहेर आलो तर हे उभे! पांढरा सफारी, गळ्यात टॉवेल, एका हातात पान्यांची पिशवी, दुसऱ्या हातात नरसाळं. वाटलं, व्यवहारातलं काही राहिलं असेल. छे! चहासुद्धा न घेता ते थेट बोटीकडे गेले, इंजिनावरचं झाकण उचललं, आत नाक खुपसून वास घेतला आणि माझ्यावर डाफरले, "दिनेशभाई, काय अवस्था केली हिची? गाळ बघा, गाळ! बेटी दी है आपको, बेची नहीं है!"

त्याच्या आदल्या पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या वस्तीत शिरली होती आणि आम्ही अख्खा दिवस गच्चीवर बसून काढला होता. तेव्हाच आम्ही पाच शेजाऱ्यांनी ठरवलं, आपली स्वतःची बोट पाहिजे. नवी कुठली परवडायला! उल्हासनगरात, शहाडच्या बाजूला, होतूशेठचं जुन्या मशिनरीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून त्यांनी ही मोटरबोट इंजिनासकट उचलून आणली होती आणि स्वतःच्या हाताने तिच्यात जीव घातला होता. आम्ही बोट घेतली आणि बोटीवर शेठ फुकट मिळाले. गेल्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच. माझे रविवार आता रिकामे आहेत आणि मला ते अजिबात आवडत नाहीत.

तेव्हा मात्र वैताग यायचा. बोट गावदेवीच्या देवळाशेजारी उंचवट्यावर ट्रॉलीवर ठेवलेली असायची. शेठ आले की आधी इंजिनाचं खालचं टोक पाण्याच्या पिंपात बुडवायचं. मग "जय झुलेलाल!" अशी सिंध्यांच्या जलदेवाच्या नावाने आरोळी ठोकून ते दोरी ओढायचे. इंजिन धडधडायला लागलं की सगळ्यांनी मागच्या बारीक भोकाकडे बघायचं. तिथून पाण्याची धार पडली म्हणजे इंजिन थंड ठेवणारा पंप ठीक आहे. धार जोरात पडली की हा साठी उलटलेला माणूस भर रस्त्यात टाळ्या वाजवायचा. "देखो, देखो! काय धार आहे! अरे, कोणी फोटो काढा रे!" आणि खरं सांगतो, दर वेळी आम्हीही हसत हसत टाळ्या वाजवायचो.

मग प्लग काढून घासायचे, पेट्रोलची जाळी धुवायची, पाण्यात फिरून बोट ढकलणारा पंखा काढून त्याच्या दांड्याला ग्रीस लावायचं आणि शेवटी तळाच्या गिअरचं तेल बघायचं. नवं तेल भरायचं ते खालच्या भोकातून, पिचकारीने; वरच्या भोकातून बाहेर आलं की थांबायचं. मी एकदा शहाणपणा करून वरून ओतायला गेलो तर फाडकन हातावर चापटी बसली. "आत हवा राहिली तर दात घासतील गिअरचे! मग आज तू हसशील, पुरात ती रडेल." त्यांचं आवडतं वाक्य होतं, "पुराच्या दिवशी दोरी एकदाच ओढायची. दुसऱ्यांदा ओढावी लागली तर समज, रविवारी झोपा काढल्या." एकदा मी भडकून म्हणालो, "शेठ, बोट आमची आहे!" ते शांतपणे म्हणाले, "तुमची आहे म्हणून तर भीती वाटते."

माझी वेणूआत्या नदीच्या अगदी काठावरच्या घरात एकटी राहते, सोबतीला दोन शेळ्या. मागच्या पुरात सगळ्यात आधी तिचंच घर बुडालं होतं, म्हणून बोटीवर तिचा भारी जीव. नारळी पौर्णिमेला तिने बोटीची साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आणि झेंडूचा भला मोठा हार घातला तो कुठे? मागच्या पंख्याला! "बोट पळवतंय कोन? पंखाच ना? मंग मान त्याचा," असं तिचं म्हणणं. आम्हाला ते पटलंही. तशीच हारासकट बोट पाण्यात लोटली, नदीच्या मधोमध जाऊन नारळ सोडला आणि वाजतगाजत परत आलो. फुलं वाहून गेली, हार कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

त्यानंतरच्या रविवारी शेठनी पंखा काढला आणि त्यांचा चेहराच उतरला. पंख्यामागे दांड्याला हाराचा नायलॉनचा दोरा करकचून गुंडाळला गेला होता. त्यांनी गिअरचं तेल काढलं तर ते दुधाच्या चहासारखं. दोऱ्याने पाणी अडवणारं रबरी सील कापलं होतं आणि नदीचं पाणी आत शिरलं होतं. त्यांनी पिशवीतून नवं सील काढून बसवलं, तेल बदललं. मग विचारलं, "हे कोणी केलं?" आत्या समोरच उभी होती. ती म्हणाली, "मी. देवाला हार घातला, गुन्हा केला काय?"

झालं! देवळासमोर जी जुंपली! शेठ म्हणाले, पाणी माझाही देव आहे, पण मी त्याचा गळा आवळत नाही. आत्या म्हणाली, विकलेल्या वस्तूवर हक्क सांगनारा तू कोन मोठा लागून गेला? शेवटी शेठनी पंखा टॉवेलात गुंडाळला, स्कूटरला किक मारली आणि जाहीर केलं, "आत्याबाई सॉरी बोलतील त्या दिवशी पंखा परत!" आम्ही आत्याच्या हातापाया पडलो. ती कसली ऐकते! "कनाला मागू माफी?" असं म्हणून ती शेळ्यांना पाला घालायला निघून गेली. बोट पंख्याविना बसून राहिली.

आणि त्याच आठवड्यात पाणी चढलं. सकाळी आत्याचा फोन आला, "दिन्या, पानी ओट्याव आयलंय. मी शेल्या घेऊन वर चढतंय." सरकारी बोटी पलीकडच्या वस्तीत गुंतल्या होत्या. आमच्याकडे तेल भरलेली, प्लग घासलेली, टकाटक बोट होती आणि तिचा पंखा उल्हासनगरात! मी शेठना फोन लावला. "शेठ, पाणी! आत्या गच्चीवर अडकलीय, पंखा..." पलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. शेठ म्हणाले, "निघालो."

कसे आले ते त्यांचं त्यांनाच माहीत. अंबरनाथला शिवमंदिराजवळ रस्त्यावर पाणी होतं, तिथे स्कूटर टाकली. मग खडीच्या डंपरवर चढले. शेवटी मांडीभर पाण्यातून, टॉवेलात बांधलेला पंखा डोक्यावर घेऊन हा माणूस आमच्याकडे येताना दिसला आणि आम्ही अक्षरशः ओरडलो! त्यांनी पंखा चढवला, नट आवळला, पिन वाकवली. बोट पाण्यात लोटली. "जय झुलेलाल!" एकदाच दोरी ओढली आणि इंजिन धडधडलं. शेठ मागे वाकून बघत किंचाळले, "धार आहे! बसा!"

काय ती फेरी! झाडांच्या फांद्या, पिंपं, कुणाचं तरी दार, सगळं अंगावर येत होतं, आणि शेठ सुकाणूचा दांडा धरून मला शिव्या घालत वाट काढत होते. आत्याच्या गच्चीच्या कठड्याला पाणी टेकलं होतं. तरी बाई म्हणते, "आधी शेल्या!" शेठनी दोन्ही शेळ्या त्या पांढऱ्या सफारीला कवटाळून उतरवल्या. आत्या बोटीत बसली. शेळ्यांना जवळ ओढून म्हणाली, "शेट, चुकलं माजं." शेठ म्हणाले, "माझं जास्त चुकलं. पंखा नेला मी. पुढच्या वर्षी हार घाला, पण पुढच्या टोकाला." दुपारपर्यंत आम्ही फेऱ्या मारत राहिलो. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

पाणी ओसरल्यावर आम्ही पेढे घेऊन, आत्या स्वतः तळलेले वडे घेऊन, असे मिरवत उल्हासनगरला गेलो. दुकानासमोर पोचलो आणि जागीच थबकलो. आत कंबरेपर्यंत चिखलाची रेघ होती. आयुष्यभर जमवलेले बेअरिंग, गिअर, पंप फूटपाथवर पोत्यांवर वाळत पडले होते. शेठची बायको म्हणाली, "तुमचा फोन आला तेव्हा पाणी पायरीवर होतं. माल वर चढवत होते. हातातला खोका तिथेच ठेवला आणि गेले."

मी पोत्यांपाशी बसलेल्या शेठकडे वळलो. "शेठ, सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, राहू दे. मग?" असं म्हणून ते हातातलं बेअरिंग पुसत राहिले.

आत्याने वड्यांचा डबा त्यांच्या बायकोच्या हातात दिला, पदर खोचला आणि फूटपाथवर फतकल मारून बसली. एक गंजायला लागलेलं बेअरिंग आणि फडकं उचललं. "शेट, तेल कुठून लावू? वरून का खालून?"

आयुष्यभर सगळ्यांना ओरडून शिकवणाऱ्या त्या माणसाने नुसती तेलाची बाटली तिच्याकडे सरकवली आणि टॉवेलात तोंड लपवलं.