हत्तीचं वय

'बालकांच्या खाजगी आयुष्याचं रक्षण हे सुसंस्कृत समाजाचं आद्य कर्तव्य आहे.' हे वाक्य आमच्या ऑफिसात सोनेरी चौकटीत लावलेलं होतं. चौकटीच्या खिळ्याला संडासाची किल्ली अडकवलेली असे. दोहोंपैकी किल्ली रोज वापरात होती.

किल्ली घेताना ते वाक्य वाचणारं एकच माणूस होतं. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. पदराने काचेवरची धूळ पुसत त्या ते मोठ्याने वाचत, आणि दर वेळी तेच म्हणत, "वाक्य चांगलंय. कुणी पाळतंय का बघू."

आमचं ऑफिस म्हणजे भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला वरच्या मजल्यावरचा एक गाळा. खाली स्टीलची भांडी ठोकत, वर आम्ही मोबाईलचे गेम बनवायचो. ठोकण्याच्या आवाजात बैठकीतलं कुणाचंच वाक्य पुरतं ऐकू येत नसे, त्यामुळे आमच्यात मतभेद फार कमी होते. गेममधले शब्द लिहिणं हे माझं काम. 'शाब्बास', 'पुन्हा प्रयत्न करा', वगैरे. आयुष्यभर वाचन करून माणूस कुठवर पोहोचतो ते तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

बाई इथे येण्याआधी अठरा वर्षं बालवाडी चालवत होत्या. त्या जागेवर टॉवर आला. टॉवरच्या जाहिरातीत मुलांसाठी खास खेळघर होतं, बाई नव्हत्या. आमच्या मालकांनी त्यांना अक्षरओळखीच्या गेमसाठी कामावर घेतलं आणि त्यांच्या नावाची कार्डं छापली: 'बालवर्तन तज्ज्ञ'. बाईंनी सात-आठ कार्डं घडी करून आपल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं. "पद उपयोगी आहे हं," त्या म्हणाल्या.

मूळच्या त्या जालन्याकडच्या. पंचवीस वर्षं इकडे काढली तरी मुलाला लेकरूच म्हणत.

गेम बाजारात जाण्याआधी एक फॉर्म भरावा लागे. त्यात एक प्रश्न होता: हा गेम लहान मुलांसाठी आहे का? 'हो' म्हटलं की आईबापाची परवानगी लागते, आणि खेळणारा राहतो कुठे, फोनमध्ये कुणाकुणाचे नंबर आहेत, काय किती वेळ बघतो, यातलं काही गोळा करता येत नाही. 'नाही' म्हटलं, तर खेळणाऱ्याने 'मान्य' हे बटण दाबलं की सगळं मोकळं. उत्तराखाली बालवर्तन तज्ज्ञाची सही हवी, ही अट मालकांनीच घातली होती. परदेशी गिऱ्हाइकावर छाप पडते म्हणून. तज्ज्ञ खरंच गेम तपासून बघेल, अशी शंका तेव्हा कुणाला आली नव्हती.

बाईंची तपासायची रीत साधी होती. स्टेशनबाहेर उत्तन-चौककडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर बसायचं, गेम चालू करून फोन मांडीवर ठेवायचा आणि कुणाशी बोलायचं नाही. "कोणासाठी आहे ते लिहिलेलं वाचू नका, भाऊ. कोण हात लावतंय ते बघा. मोठा माणूस आधी विचारतो, फुकट आहे का. लेकरू आधी बोट लावतं, मग नाव सांगतं. नाव आपण ऐकलं नाही असं करायचं."

दुसरी खूण अशी, की मोठी माणसं फोन हातात धरून अंगठ्याने खेळतात. लेकरू तो मांडीवर नाहीतर जमिनीवर ठेवतं आणि पहिल्या बोटाने टोचतं. "मुंगी मारल्यासारखं," बाई म्हणत.

मग आमच्याकडे हत्ती आला. लंगोट घातलेलं हत्तीचं पिल्लू उड्या मारत केळी गोळा करतं, एवढाच गेम. फॉर्मवर मालकांनी लिहिलं: 'प्रौढांसाठी, ताणमुक्तीचा खेळ.' फक्त सही बाकी होती.

बाई चार दिवस थांब्यावर बसल्या. एकदा मीही बरोबर होतो. चौक गावच्या एका कोळणीचा मुलगा बाईंच्या गुडघ्याला येऊन चिकटला आणि सुटेचना. कोळीण त्याला ओढत म्हणाली, "बाय, त्यो हत्ती बंद कर गो! बस आली तरी पोर हालत न्हाय!" ती बस गेली. बाईंनी दुसरी बस येईपर्यंत कोळणीची माफी मागितली आणि मुलाला खेळू दिलं.

बाईंच्या कराराचं वर्ष त्याच महिन्यात संपत होतं. बैठकीआधी मालकांनी त्यांना याची दोनदा, अगदी सहज, आठवण करून दिली.

बैठकीला टाय लावलेले एक सल्लागार आले होते, साठ पानी अहवाल घेऊन. असे अहवाल तुम्हीही पाहिले असतील. वजन करून छापलेले. ते म्हणाले, "हा हत्ती हे एक रूपक आहे. धकाधकीच्या जीवनात प्रौढ व्यक्ती स्वतःतल्या निरागसतेचा शोध घेत असते."

"त्या निरागसतेला लंगोट कशाला घातलाय?" बाईंनी विचारलं. नेमकं त्याच वेळी खालचं ठोकणं थांबलं होतं, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, प्रत्येक केळ्याला काय लिहिलंय तुम्ही?"

"शाब्बास, पिल्लू."

"चाळिशीच्या माणसाला पिल्लू म्हणता का तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. त्या बैठकीतलं माझं शौर्य तेवढंच.

मालक वैतागले. "बाई, तुम्ही पण ना! एक सही तर आहे. सगळे हेच करतात."

"'सगळे करतात' हे मी बालवाडीत रोज ऐकलंय, सर. भिंतीवर रेघोट्या ओढताना पकडलं की."

सल्लागार मात्र शांत होते. "मॅडम, आपल्या निरीक्षणाचा आदर आहे. पण पुरावा? कुठली मुलं, त्यांची नावं, वयं, पालकांचे नंबर. व्हिडिओ असेल तर उत्तमच."

"म्हणजे लेकरांची माहिती घ्यायची की नाही हे ठरवायला आधी लेकरांची माहिती द्यायची?"

"एक पद्धत असते, मॅडम."

बाईंनी पर्समधून तपासणीचा फोन काढला, बंद केला आणि ट्यूबलाइटखाली तिरपा धरला. काळ्या काचेवर ठसेच ठसे होते. बिस्किटाचे, केळ्याचे, चॉकलेटचे, आणि कशाचे कोण जाणे. सगळे इवलेसे, सगळे पहिल्याच बोटाचे. खाली कोपऱ्यात, जिथे मोठ्यांचा अंगठा पोहोचतो, तिथे काच स्वच्छ होती.

सल्लागार पुढे झुकले. त्यांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी फोटो काढायला स्वतःचा फोन बाहेर काढला. तोवर बाईंनी पदराने काच पुसून टाकली. रोज ती चौकट पुसत, तशीच.

"लेकरांचे ठसे आहेत," त्या म्हणाल्या. "दाखवायला आणले होते. द्यायला नाही."

मग सल्लागारांनी तोडगा काढला. गेम सुरू होताना जन्मसाल विचारायचं. लहान निघेल त्याला खेळ बंद, म्हणजे उरतील ते प्रौढच.

"लेकरू साल वाचत नाही हो," बाई म्हणाल्या. "हिरवं बटण दाबतं." पण तोवर खाली पुन्हा ठोकणं सुरू झालं होतं, आणि हे वाक्य इतिवृत्तात आलं नाही.

फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला गेला. मालकांचं वाक्य त्यांनी एका रेघेने खोडलं आणि फळ्यावर लिहितात तशा मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं: 'लेकरांचा आहे. वय साडेतीन. माहिती घेऊ नये.' खाली सही केली, तारीख घातली.

महिनाअखेरीला त्यांचा करार संपला, आणि संपूच दिला गेला. जाताना त्यांनी डबा पिशवीत टाकला. टेबलाखालची कार्डं काढून द्यायला मी वाकलो, तर म्हणाल्या, "असू द्या. टेबल हलेल." मग त्या चौकटीपाशी गेल्या, काच पुसली, वाक्य मोठ्याने वाचलं. "वाक्य चांगलंय," एवढंच म्हणाल्या. पुढचं म्हणाल्याच नाहीत.

हल्ली त्या चेणे गावात एका सोसायटीच्या जिन्यात लेकरं जमवून गोष्टी सांगतात, असं कळतं. जायला हवं एकदा. त्यांच्यासमोर 'पिल्लू' या शब्दाचं काय करायचं ते ठरत नाही, म्हणून राहून जातं.

नव्या फॉर्मवर सल्लागारांनी सही केली आणि गेम बाजारात गेला. सुरुवातीला जन्मसालाची यादी येते. ती सगळ्यात जुन्या सालापासून सुरू होते, आणि खाली मोठं हिरवं बटण आहे. आमच्या नोंदीप्रमाणे तो गेम खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वयाची सव्वाशे वर्षं पार केली आहेत. सल्लागारांच्या ताज्या अहवालात 'ज्येष्ठ नागरिकांमध्ये विशेष लोकप्रिय' असा उल्लेख आहे.

सध्या दर दहा केळ्यांनंतर त्यात गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागते.