पिंपावरची कोळशाची रेघ

आमचे थोरले काका माती चाखायचे. चिमूटभर जिभेवर ठेवायची, थुंकायची आणि निकाल द्यायचा, "खारट!" म्हणून सगळे त्यांना चाखूकाका म्हणत. माणसंही ते तशीच पारखायचे. आधी थुंकायचं, मग जमलं तर विश्वास.

आमचा खालचा तुकडा सगळ्यात खारवट. तिथे गोदाम बांधायला एक गिऱ्हाईक टपूनच बसलं होतं. पण काकांची सून, म्हणजे माझी वहिनी, म्हणाली, "बाबा, एक हंगाम मला द्या. टोमॅटो जगवून दाखवते." तिचं औषध साधं होतं. शेवग्याचा कोवळा पाला वाटायचा, फडक्यातून गाळायचा, तीसपट पाणी घालून रोपांवर फवारायचा. काकांनी अट घातली. चार सरींवर तिने फवारायचं, उरलेल्या चार काकांच्या, तशाच ठेवायच्या. फरक दिसला नाही तर जमीन विकायची.

महिन्याभरात वहिनीची रोपं तरारली. काकांची पिवळी पडली, पानांच्या कडा करपल्या. काकांनी तिच्या सरीतली माती चाखली. पहिल्याइतकीच खारट!

"मीठ तर गेलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मीठ जात नाही, बाबा. रोपाला ते सोसायची ताकद येते."

"पाल्याने? मग मीही पितो पेलाभर!"

विहीर खारट, गोडं पाणी फक्त घरातल्या पिंपात. वहिनी तेच चोरून घालते, अशी काकांची खात्री. त्यांनी जेवणं उरकल्यावर पिंपावर कोळशाने रेघ मारली. चहाच्या वेळेला पाणी रेघेखाली चार बोटं! दुसऱ्या दिवशीही तेच. काका नुसते खुलले. मला त्यांचा रागच आला. आपली सून चोर निघावी म्हणून कोणी एवढं खूश होतं?

तिसऱ्या दुपारी सगळे कलंडल्यावर साक्षीदार म्हणून मला ओढत ते शेवग्याआड दबा धरून बसले. थोड्या वेळाने कळशी घेऊन कोणीतरी आलं. वहिनी नव्हती. काकू होती. वहिनीच्या सरी ओलांडून ती थेट काकांच्या सरीत गेली आणि एकेका पिवळ्या रोपाला पेलाभर पाणी घालू लागली.

काका ताडकन उठले. "अगं, हे काय?"

काकू दचकली, कळशी मात्र सोडली नाही. "तुमची हार बघवेना मला. पंधरा दिवस घालतेय हो, तरी मेली उभी राहत नाहीत."

घरी येऊन काकांनी तळहाताने ती रेघ पुसली आणि गोदामवाल्याला नकाराचा निरोप धाडला. माफी वगैरे नाहीच. "उद्या माझ्या सरींवरही फवार," एवढंच सुनेला म्हणाले.

वहिनीने त्यांच्या काळ्या हातावर साबण ठेवला. "रेघ मी पहिल्याच दिवशी पाहिली होती, बाबा."

काकांनी साबण घेतला. तिच्याकडे बघायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.