मेलेल्याने उठू नये

टिकाराम मास्तर स्वस्थ बसलेला सालेकशाच्या आजूबाजूला कुणी पाहिला असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. मास्तर म्हणजे शाळेचा नव्हे. शाळा त्याने चौथीतच सोडली होती. तो नाटकाच्या तालमीचा मास्तर. धानशेतीच्या चार बांध्या, एक बैलजोडी आणि डोक्यात बारा महिने नाटक, एवढा त्याचा संसार. रोवणीला बायका वाकल्या की हा शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून ओरडायचा, "गानं जोरात म्हना वो! मांगच्यायले आयकू येऊन नाही राहिलं!"

"नाटक नाही गा, धान लावून राहिलो आमी," त्याची बायको रुख्मा चिखलातूनच उत्तर द्यायची. बाकीच्या हसायच्या. हा पठ्ठ्या मात्र मागच्या ओळीपाशी जाऊन खरंच कान देऊन उभा राहायचा.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटक ठरलेलं, आणि मास्तरच्या मनाने काही भलतंच घेतलेलं. आमच्याकडे एक रीत होती. पद आवडलं की लोक "वन्स मोर" ओरडणार, आणि गाणाऱ्याने ते पुन्हा गायचं. गाणारा नाटकात मेलेला का असेना! तो उठून बसायचा, अंगावरची माती झटकायचा, पेटीवाल्याकडे बघून मान हलवायचा, पद म्हणायचा आणि पुन्हा मरायचा. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मागच्या साली तर नायक मरता मरता मध्ये चहा प्यायला होता. लोक पोट धरून हसले, बक्षिसं पडली. टिकारामला मात्र अन्न गोड लागेना. मरणाचा असा तमाशा आपण मांडला, याची त्याला मनापासून लाज वाटली.

यंदाच्या नाटकात शेताच्या भांडणात जखमी झालेला तरुण मुलगा आईच्या मांडीवर पद म्हणत प्राण सोडतो. मास्तरने पहिल्याच तालमीत जाहीर केलं, "मेला म्हन्जे मेला. कोनी उठन नाही."

मुलाच्या कामाला गोंदियाहून आणलेला मुन्नालाल होता. गळा असा की त्याच्यासाठी लोक चिचगडहून बैलबंड्या जुंपून येत. तो हसला. "मास्टरजी, पब्लिक माँगेगी तो? वन्स मोर के लिए ही तो गाता हूँ मैं." मास्तरने त्याचा हात धरून पेटीवर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. मुन्नालालने घेतली, पण तोंड वाकडं करूनच.

नाटकाचा खर्च उचलून मांडव घालणारे जागेश्वर पाटील वेगळंच बोलले. "पब्लिक नाराज झाली त पुढच्या साली दुसरा मास्तर पाहू आमी. आतापासूनच सांगून ठेवतो." हे वाक्य टिकारामच्या काळजात जाऊन बसलं. नाटक गेलं तर त्याच्यापाशी उरणार काय? चार बांध्या!

मग त्याने तालमीत नुसता धुमाकूळ घातला. प्रत्येकाचं काम स्वतः करून दाखवायचा, मध्येच एखाद्याला बाजूला सारून त्याच्या जागी मरून दाखवायचा. सगळ्यात जास्त छळ झाला इतवारीचा. इतवारी जंगलाकडच्या टोल्यावरचा, त्या चार घरांच्या वस्तीतला, तेंदूपत्ता तोडणारा, अबोल गडी. बायका तेव्हा नाटकात उतरत नसत. दाढी-मिशी फारशी फुटली नाही म्हणून आईचं काम याच्या गळ्यात पडलं होतं. मास्तर त्याला पदर धरायला शिकवी, हुंदका शिकवी, कुठला हात कधी छातीवर मारायचा तेही शिकवी. इतवारी सांगितलं तेवढं करी आणि थांबे. "लाकूड हायेस तू, लाकूड!" मास्तर कपाळ बडवायचा. इतवारी मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

मंडईच्या वेळी वाघाची आवई उठली होती. लोकांना दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं होतं, म्हणून नाटक भर दुपारी लावलं. उन्हात रंगवलेले चेहरे उघडे पडतील म्हणून मास्तरचा जीव आणखी खालीवर. कधी विंगेत, कधी मांडवामागे, कधी पेटीवाल्याच्या डोक्यावर. शेवटी पडद्याची दोरी त्याने स्वतःच्याच हातात घेतली. मुन्नालाल शपथ मोडून उठायला लागला, तर पडदा पाडायचा, मग पाटील काय करायचं ते करोत.

मुन्नालालने पद म्हटलं आणि मान टाकली. मग मांडव दणाणला, "वन्स मोर! वन्स मोर!" कुणी टोप्या उडवल्या, कुणी रुपया फेकला. मुन्नालालच्या पापण्या हलल्या. मास्तरने विंगेतून दात ओठ खाल्ले, मुठी दाखवल्या. छे! गडी कोपरावर टेकला आणि चक्क उठून बसला.

मास्तरने दोरीला हिसका द्यायला हात उचलला, तेवढ्यात इतवारी किंचाळला. पोरगा उठला, हे पाहून त्याने दोन्ही हातांनी मुन्नालालचं तोंड धरलं, गाल चाचपले, केस चाचपले. हसतही होता, रडतही होता. "बाबू! माहा बाबू उठला वो!" त्याने लोकांना ओरडून सांगितलं. हे कुठल्याच तालमीत नव्हतं. मुन्नालाल गांगरला, पण सवयीने त्याने पद सुरू केलं. इतवारी त्याच्याकडे असा बघत होता की जणू पुन्हा दिसणार नाही. पद संपलं, मुन्नालाल मांडीवर आडवा व्हायला लागला. इतवारीने त्याला आडवं होऊच दिलं नाही. बखोट धरून तो त्याला बसतं ठेवायला बघे. "आता नोको जाऊ रे. एकडाव गेलास ना. आता नोको जाऊ." मुन्नालालचं अंग जड होत गेलं, हातातून निसटलं.

"वन्स मोर"ला कुणाचं तोंड उघडलं नाही. पुढच्या रांगेत पाटील उपरण्याने डोळे पुसत होते. मास्तरच्या हातात दोरी तशीच होती. पडदा पाडायचा, हे पेटीवाल्याने त्याला ढोसून सांगितलं.

पडद्याआड इतवारी लुगडं सावरत भीत भीत त्याच्यापाशी आला. "मास्तर, चुकलो काय गा?"

मास्तरने विचारलं, "हे तुले कोन सांगतलं होतं?"

इतवारीला प्रश्नच कळला नाही. "कोन सांगन? पोरगा उठला ना, मास्तर. मेलेला पोरगा उठला, त माय का करन?"

इतके महिने टिकारामने एकच विचार केला होता, तो उठू नये म्हणून काय करावं. तो उठला तर आईला काय वाटेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. तो मटकन खाली बसला, आणि मांडव रिकामा होईपर्यंत तिथून उठला नाही.