नानांच्या मातीला नेलेला ट्रक

आमचे नाना वारले त्या सकाळी आमचा ट्रकही वारलेलाच होता. फरक एवढाच, की नानांनी कुणाला धक्का मारायला लावलं नाही.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. मी लहान असतानाच वडील गेले, तेव्हापासून धावड्याला नानांनीच मला वाढवलं. पुढं मी जालन्याला आलो, मस्तगडला खोली घेतली आणि जुन्या जालन्यातल्या दुकानांचं धान्य वाहायला एक म्हातारा ट्रक घेतला. त्याचा हँडब्रेक नुसता शोभेला होता, आणि स्टार्टर मनात आलं तर चालायचा. पण बाकी गाडी उत्तम! (बाकी म्हणजे हॉर्न.)

सकाळी नानांच्या मुलाचा, प्रकाशचा फोन आला.

"दादा, नाना गेले."

मग म्हणाला, "तू येईस्तोवर उचलत न्हाई आम्ही. पहिला खांदा मिलिंदचा, आसं नाना सांगून गेल्ते. पर जल्दी ये, ऊन लई हाय."

मी भिंतीला टेकून खाली बसलो. बायकोनं, सुशीलेनं, पाण्याचा तांब्या हातात दिला, पण तो प्यायचा असतो हेही मला सुचेना. तेवढ्यात नानांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्या, मागच्या गल्लीतून रडतच आली. तिनं डोळे पुसले आणि निकाल दिला, "समदे ट्रकनं जाऊ. घरची गाडी आसताना एसटी कह्याला?"

भावकीतली माणसं पांढरे कपडे घालून मागच्या हौद्यात चढली. आत्या आणि सुशीला माझ्याजवळ केबिनमध्ये बसल्या. मी किल्ली फिरवली.

टक.

परत फिरवली. टक.

"काय झालं?" सुशीलेनं विचारलं.

"टक झालं."

"ते आयकू आलं मला बी. टक म्हंजी काय?"

"बॅटरी न्हाई तर स्टार्टर. बघतो, थांब." बॅटरी तपासायची सोपी युक्ती म्हणून मी हॉर्न दाबला. पोंऽऽ! सगळी गल्ली दारात आली. बॅटरी बराबर होती, म्हणजे दोष स्टार्टरचा. मी हातोडी घेऊन खाली उतरलो, इंजिनच्या बाजूला वाकलो आणि स्टार्टरच्या अंगावर चार ठोके दिले. सुशीलेनं किल्ली फिरवली आणि गाडी धडाडली! दुःखाच्या दिवशीही माणसाला छाती फुगवायला जागा सापडते. मी फुगवली.

"आता भोकरदन येवो की धावडा, गाडी बंद करायची न्हाई," मी जाहीर केलं.

भोकरदनच्या बाजारात स्पीडब्रेकरवर ती आपली आपणच बंद पडली.

या खेपेला हातोडीचा काही उपयोग झाला नाही. मग सगळी भावकी उतरली आणि ढकलायला लागली. पुढं स्टेअरिंगवर मी, शेजारी आत्या. तिचं रडणं काही थांबलेलं नव्हतं.

"आरं माझ्या भावाऽऽ! कसा रं गेला मला सोडूनऽऽ! ...आरं डाव्या अंगानं लोटा, डाव्या अंगानं! ...आता मला माहेर कुठलं रंऽऽ! ...मिल्या, क्लच सोड की!"

मी क्लच सोडला. गाडीनं एक गचका दिला, काळ्या धुराचा लोट सोडला आणि चालू झाली. धूर विरल्यावर आरशात बघितलं, तर पांढऱ्या कपड्यातली माणसं कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी दिसत होती. एका भाजीवाल्यानं विचारलं, "वरात कुठं चालली, भाऊ?" भावकी भराभर हौद्यात चढली. तिकडं नाना एवढ्या उन्हाचे थांबले होते, तेही माझ्यासाठी, आणि मी बाजारात माणसांकडून ट्रक लोटून घेत होतो.

धावड्यात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नानांच्या दारापुढची गल्ली ट्रकपेक्षा जेमतेम रुंद. मागं घ्यावी तर बंद पडायची भीती. म्हणून मी गाडी तशीच दारात उभी केली, न्यूट्रलला टाकली, चाकाखाली दगड लावला आणि इंजिन चालू ठेवून आत गेलो. उचलायच्या वेळी पुढं काढू, असा माझा हिशोब.

नाना पांढऱ्या चादरीत निजले होते. पायाशी काकू बसली होती. "सकाळपून आशीच बसून राह्यली," प्रकाश हळूच म्हणाला. "रडली बी न्हाई. भ्या वाटतंय मला." मी तिच्यापुढं जाऊन बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं, पण ओळख दाखवली नाही.

त्रिशरण सुरू झालं. बाहेरून ट्रकची घरघर. गाथा म्हणणाऱ्या बौद्धाचार्यांनी आवाज चढवला. ट्रकनंही चढवला! धूर खिडकीतून आत यायला लागला, लोक खोकायला लागले. गावातल्या एका जाणत्या माणसाला हे बघवलं नाही. तो शांतपणे बाहेर गेला आणि मेलेल्या माणसाचा मान राखून त्यानं इंजिन बंद केलं.

एकदम शांतता झाली. सगळ्यांना बरं वाटलं. मला सोडून.

उचलायची वेळ झाली आणि तिरडी दारातून बाहेर निघेना. ट्रक आणि भिंत यांच्यामध्ये माणूस आडवा होऊन कसाबसा जाईल एवढीच फट. पुढं गल्लीचं वळण आणि तिथंच गोठा, मागं चढ. मी किल्ली मारत राहिलो, नुसतं टक टक; लोकांनी मागं ढकलून बघितलं, गाडी ढिम्म. अख्खं गाव माझ्याकडं बघत होतं. मी जालन्याच्या मिस्त्रीला, सलीमभाईला, फोन लावला. तो भाच्याच्या लग्नात होता. मागं बँड वाजत होता.

"मिलिंदभाई, स्टार्टर का कार्बन घिस गया होगा! स्टार्टर उतारो!"

"आरे, इथं मयत थांबलीय!"

"क्या? जोर से बोलो! ...मुबारक? हां, हां, शुक्रिया!"

फोन कटला. स्टार्टर उतरवायचा म्हणजे दिवस मावळला असता. हँडब्रेकचा भरवसा नाही, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पाने घेऊन खाली शिरलो. एकेक वायर चाचपत गेलो. इंजिनवरून चेसिसला येणारी अर्थिंगची जाड वायर हाताला लागली. तिचा बोल्ट ढिला होता, आणि इतक्यांदा किल्ली मारून ती तव्यासारखी तापली होती.

"मेलोऽऽ!" मी खालून बोंब ठोकली.

वर आत्याचा आवाज आला, "गप रं! मेला तो गुमान पडलाय, आन हा जिता बोंबलून राह्यला!"

पण रोग सापडला होता! बॅटरीत जोर होता, स्टार्टरही ठीक, मध्येच ही वायर दगा देत होती. फडक्यानं धरून टोक घासून साफ केलं, बोल्ट आवळला, बाहेर आलो, प्रकाशला केबिनमध्ये बसवलं, भिंतीला चिकटून उभा राहिलो आणि ऐटीत ओरडलो, "पक्या, मार किल्ली!"

गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे हे मी विसरलो. प्रकाशला तर गिअर म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

स्टार्टरनं जन्मात कधी दाखवला नव्हता तेवढा जोर त्या घडीला दाखवला. ट्रक दगडावरून उडाला, चालू झाला आणि थेट वळणावरच्या गोठ्यात घुसला! खांब कलला, पत्रे धडाधड खाली आले, म्हैस दावं तोडून उधळली. तिच्यामागं काळे झालेले जालन्याचे पाहुणे, पाहुण्यांमागं गावची कुत्री. प्रकाश केबिनमधून ओरडत होता, "दादा, हिला थांबवायचं कुठून?"

त्या कल्लोळात मागं कुणीतरी हसलं. वळून बघतो तर दारात काकू. पदर तोंडाला लावून ती हसत होती, अंग गदगदत होतं. "ह्यांनी बघाया पायजे होतं," ती म्हणाली. "ह्यांनी बघाया..." आणि तिथंच तिचं हसणं फुटलं आणि ती धाय मोकलून रडली. सकाळपासून साचलेलं सगळं बाहेर आलं. सुशीलेनं तिला कुशीत घेतलं. मग मीही रडलो. आत्या तर आधीपासूनच रडत होती.

रस्ता मोकळा झाला होता, गोठ्यातून का होईना. भाजलेल्या हाताला रुमाल गुंडाळून मी पहिला खांदा दिला. नाना फार हलके लागले. वाटभर नुसते पाय वाजत होते.

गोठा मी पुढच्या आठवड्यात उभा करून दिला. म्हैस मात्र मला बघितलं की अजून फुरफुरते.

परवा धावड्याहून पुन्हा प्रकाशचा फोन आला. भावकीतलंच एक म्हातारं माणूस गेलं होतं. कोण गेलं, ते त्यानं नंतर सांगितलं. आधी म्हणाला, "दादा, तू एसटीनं ये. दोन दिस लागले तरी चालतील, आम्ही थांबतो."